स्नायू सैल करणारे औषध आणि घरखर्च

मिरज शहराचे नाव दोन गोष्टींमुळे दूरवर पोहोचले आहे. एक येथील सतारी व तंबोरे आणि दुसरी येथील रुग्णालये. १८९४ मध्ये अमेरिकन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय येथे उभे राहिले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. बेळगाव-विजापूरकडचे रुग्णही उपचारांसाठी मिरजेची वाट धरतात. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या व रुग्णालयाच्या खर्चाची चिंता सारे घर करते. परंतु घरी परतल्यावर महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्यांचा हिशेब बहुधा कोणी मांडीत नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या बाबतीत ही हयगय कधी कधी जिवावरही बेतू शकते.

या औषधांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. कंबरेत लचक भरली, मान आखडली, म्हणजे काही दिवसांपुरती दिली जाणारी औषधे हा पहिला वर्ग. यांतील थायोकोल्चिकोसाइड हे औषध तोंडाने घ्यावयाचे तर सलग सात दिवसांहून अधिक घेऊ नये, असा निर्बंध युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये सुचविला. अशा औषधांत काटकसरीचा पहिला उपाय अगदी सोपा आहे. ‘हे किती दिवस घ्यावयाचे?’ असा प्रश्न डॉक्टरांना विचारावा आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपताच थांबावे.

दुसरा वर्ग दीर्घकाळ घ्यावयाच्या औषधांचा. अर्धांगवायू, मज्जारज्जूची इजा किंवा लहान मुलांतील सेरेब्रल पाल्सी यांमुळे स्नायूंना जो कायमचा ताठरपणा येतो, त्यावर बॅक्लोफेन हे औषध देतात. ते १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अपस्मारासाठी म्हणून तयार करण्यात आले. त्या रोगावर त्याचा अपेक्षित गुण आला नाही. पण ताठ स्नायू सैल होतात, असे दिसून आले. मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या उत्तेजक संदेशांना ते आवर घालते. तंबोऱ्याची तार अधिक ताणली तर तुटते आणि फार सैल सोडली तर बोलत नाही. त्याचप्रमाणे येथेही मात्रा थोडी थोडी वाढवीत योग्य जागी आणावी लागते. औषध अधिक झाले तर रुग्णाला झोप येते आणि पायांतले बळ ओसरते.

या औषधाचा सर्वांत मोठा धोका ते एकाएकी बंद करण्यात आहे. महिनाअखेरीस पैसे संपले म्हणून चार-आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, तर स्नायू पूर्वीहून अधिक ताठरतात. शिवाय ताप, भ्रम, आकडी असे गंभीर प्रकार होऊ शकतात. टिझॅनिडीन हे याच कामाचे दुसरे औषध. तेही अचानक सोडल्यास रक्तदाब उसळू शकतो. यास्तव गोळी अर्धी करणे किंवा एक दिवसाआड घेणे ही काटकसर घरच्या घरी कधीही करू नये. औषध सोडावयाचेच असेल, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.

मग खर्च कमी व्हावा कसा? त्याचा आरंभ दुकानात होत नाही. डॉक्टरांच्या मेजावर होतो. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत पुष्कळ अंतर असते. परंतु १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे अशा औषधांच्या चिठ्ठीवर जे लिहिले असेल, त्याऐवजी दुसरे औषध दुकानदाराला स्वतःच्या मर्जीने देता येत नाही, मग त्यातील द्रव्य तेच का असेना. म्हणून चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहावे, अशी विनंती डॉक्टरांना करावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असा नियम वैद्यक परिषदेनेच २०१६ मध्ये केला आहे. चिठ्ठीवरील औषध पुन्हा पुन्हा घ्यावयाचे असेल तर तसे चिठ्ठीवर नमूद असावे लागते. ते व किती महिने घ्यावयाचे ते आधीच लिहून घेतले, तर परगावच्या रुग्णाच्या कित्येक फेऱ्यांचे भाडे वाचते.

मूळ नावाची चिठ्ठी हाती आली की जनऔषधी केंद्राचा मार्ग मोकळा होतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्र सरकारच्या योजनेतील औषधे नामांकित औषधांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मात्र प्रत्येक केंद्रात प्रत्येक औषध नेहमी असतेच असे नाही. म्हणून आधी चौकशी करावी आणि गोळ्या संपण्यापूर्वी आठ-दहा दिवस तरी खरेदी उरकावी. दुकानातून घेताना पाकिटावरील कमाल किंमत वाचावी. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधांना सरकारने ठरविलेली कमाल मर्यादा असते, तर यादीबाहेरील औषधांची किंमत वर्षाकाठी दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही.

यांखेरीज काही आधार नियमाने मिळतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तेथील नियम निराळे आहेत. कारखान्यातील जो कामगार १९४८ च्या कायद्याखालील राज्य विमा योजनेत आहे, त्याच्या कुटुंबाला त्या योजनेच्या दवाखान्यातून औषधे मिळतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये असून, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या औषधांचाही त्यात विचार होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्यांचा भार ती उचलील, या भरवशावर कोणी राहू नये.

औषध परवडत नाही, ही गोष्ट कित्येक घरांतून लाजेने झाकून ठेवली जाते आणि रुग्ण मुकाट्याने गोळ्या कमी करीत जातो. डॉक्टरांना हे कळले, तर स्वस्त पर्याय, कमी मात्रा किंवा व्यायामोपचार यांचा विचार ते करू शकतात; कळलेच नाही, तर गुण का येत नाही या कोड्यात पडून कदाचित मात्रा वाढवितात. म्हणून आजाराच्या लक्षणांबरोबर घरची ऐपतही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. उपचार ठरविताना तिचाही उपयोग होतो.