हनुवटीला टांगलेली जीभ

उताणा झोपलेला माणूस घोरू लागतो. त्याला कुशीवर वळवले की बहुधा आवाज थांबतो. घरोघरी माहीत असलेला हा उपाय लागू का पडतो? त्याचे उत्तर शोधताना घशाइतकेच जबड्याकडेही पाहावे लागते.

नाकापासून फुप्फुसापर्यंतची हवेची वाट डोळ्यांसमोर आणा. नाकात ती हाडांच्या भिंतींमधून जाते. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेत, कूर्चेच्या १६ ते २० अर्धवट कड्या तिला आधार देतात. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाईप आठवा. आतली हवा ओढली गेली तरी तो चपटा होऊ नये म्हणून त्याला कड्या असतात, तसेच हे. पण या दोन भक्कम भागांच्या मधला घसा मात्र मऊ. त्याच्या मागे पाठीचा कणा आहे. पुढे आणि बाजूंना नुसते स्नायू, चरबी आणि त्वचेसारखे अस्तर. याच वाटेने घास खाली ढकलायचा असतो आणि याच पोकळीचा आकार बदलून आपण बोलतो. ताठ नळीला हे जमले नसते.

या मऊ नळीची पुढची भिंत म्हणजे वर मृदू टाळू आणि खाली जिभेचा मागचा भाग. जिभेचा सर्वांत मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो आणि तिथून पंख्यासारखा मागे पसरतो. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक लहान हाड आहे. ते शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नाही. जबडा, कवटी यांच्याकडून आलेल्या स्नायूंनी आणि बंधांनी ते तोलून धरलेले असते. मृदू टाळू वरच्या जबड्याच्या मागच्या कडेला लोंबतो. म्हणजे घशाचा पुढचा पडदा दोन्ही जबड्यांच्या दांडीवर टांगलेला आहे. दांडी पुढे सरकली की मागे जागा होते. ती मागे गेली की पडदा भिंतीला टेकू लागतो.

करून पाहा. तोंड किंचित उघडून घोरण्याचा आवाज काढा. आता खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील असा जबडा पुढे काढा आणि पुन्हा तोच आवाज काढायचा प्रयत्न करा. बहुतेकांना तो नीट जमत नाही. (वर्गात हा प्रयोग करणार असाल तर शेजारच्या वर्गाला आधी कल्पना दिलेली बरी.)

क्लोरोफॉर्मच्या काळातल्या डॉक्टरांना हे अनुभवाने कळले. बेशुद्ध रोग्याचा श्वास अडला की खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलायचा, ही युक्ती १८७० च्या दशकात नॉर्वेचे हायबर्ग आणि जर्मनीचे एस्मार्क यांनी सांगितली. आजही प्रथमोपचारात बेशुद्ध माणसाचे डोके मागे कलवून हनुवटी उचलायला शिकवतात. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर प्रशिक्षित माणूस डोके न कलवता फक्त जबडा पुढे आणतो. ‘जीभ गिळली’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात जीभ गिळली जात नाही, ती सैल पडून मागे घसरते.

जागेपणी असे होत नाही, कारण प्रत्येक श्वासाबरोबर जिभेचा स्नायू तिला किंचित पुढे ओढतो. झोपेत हा ताण कमी होतो. त्यातच श्वास घेताना घशातली हवा खेचली जाते आणि भिंती आत ओढल्या जातात. भिजलेल्या कागदी नळीने जोरात सरबत ओढले की ती चपटी होते, तसेच. नळीतला प्रवाह संथ असेल तर तिची त्रिज्या निम्मी होताच अडथळा सोळापट होतो. म्हणून जबड्याच्या ठेवणीतले काही मिलिमीटरसुद्धा हिशेबात धरावे लागतात. वाट अरुंद झाली की मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. ती पूर्ण मिटली तर श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो आणि माणूस धाप टाकून पुन्हा श्वास घेतो. रात्रभर असे चालले की दिवसा पेंग येणारच. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. नाकावर मुखवटा लावून हलक्या दाबाची हवा आत सोडायची आणि घसा उघडा ठेवायचा, हा त्यावरचा उपाय ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडला.

मोठ्यांमध्ये लठ्ठपणा हे याचे मोठे कारण आहे, पण एकमेव नव्हे. पूर्व आशियातल्या लोकांत वजन फारसे नसतानाही हा विकार आढळतो, आणि तिथे जबड्यांची ठेवण हे एक कारण असल्याचे दिसून आले आहे. काही बाळांचा खालचा जबडा जन्मतःच फार लहान असतो. जीभ मागे पडून त्यांचा श्वास कोंडतो. फ्रेंच वैद्य प्येर रोबँ यांनी १९२३ मध्ये याकडे लक्ष वेधले. अशा काही बाळांच्या जबड्याचे हाड आज कापून, रोज थोडे थोडे पुढे सरकवून लांबवतात. मधल्या फटीत नवे हाड तयार होते.

उलट बाजूने, श्वासाचा परिणाम जबड्यावर होतो का? नाकामागची अ‍ॅडिनॉईड ग्रंथी वाढली की मूल तोंडाने श्वास घेते. अशा मुलांचा चेहरा लांबट होतो, हे निरीक्षण जुने आहे. हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बुजवून पाहिल्या. जबडे आणि दातांची रचना बदलली खरी, पण प्रत्येक माकडात वेगळ्या तऱ्हेने. शिवाय मुलांचे नाक असे पूर्ण बंद क्वचितच असते. तेव्हा लांबट चेहरा पाहून निदान करू नये. रोज घोरणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे आणि वर्गात पेंगणारे किंवा उगाच चुळबुळ करणारे मूल मात्र ‘आळशी’ ठरवण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायला सांगावे.

आणखी एक गोष्ट शाळेच्या मैदानावरची. खालच्या जबड्याची वाढ बरीचशी कानापुढच्या सांध्याजवळ होते. मूल हनुवटीवर आपटले की मार तिथे पोचू शकतो. बाहेरून हनुवटीवरची खोक तेवढी दिसते, टाके पडतात आणि विषय संपतो. पण आत हाड मोडले असेल आणि दुखते म्हणून मुलाने तोंड उघडणे टाळले, तर सांधा हळूहळू हाडाने जुळून जाऊ शकतो. मग जबडा वाढत नाही, जीभ मागेच राहते आणि काही वर्षांनी त्याच मुलाचा झोपेत श्वास अडू लागतो. पडल्यानंतर काही दिवसांनी मुलाला स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. ती मावत नसतील, किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल, तर दंतवैद्याकडे पाठवा आणि जबड्याचा एक्स-रे काढायला सांगा.