ताटातलं सगळंच नाळेत उतरत नाही

बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं आणि बाळ काट्यावर भरलं 1 किलो 200 ग्रॅम. त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं. बाहेरच्या बाकड्यावर मात्र चौकशी सुरू होते ती बाळंतिणीची. ‘दूध-अंडी नीट घेत होतीस ना गं?’ सातव्या महिन्यापासून तिचं बीपी चढलेलं, पाय सुजलेले. ती आधीच खचलेली असते, या प्रश्नाने आणखी मिटते. असा प्रश्न फार घरांत विचारला जातो, म्हणून तिच्या बाजूने थोडं सांगायलाच हवं.

डाळ, अंडी, मासे यांतली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. बाळाचे स्नायू, मेंदू, रक्त घडतं ते त्यांतूनच. पण आईचं रक्त थेट बाळात जात नाही. मध्ये वार असते. जेमतेम अर्ध्या किलोची ही वार प्रसूतीनंतर नर्स ट्रेमध्ये उलटीसुलटी करून पाहते, की पुढे तिची आठवण कुणी काढत नाही.

निरोगी गरोदरपणात नाळेतल्या रक्तात बहुतेक अमिनो आम्लं आईच्या रक्तापेक्षा जास्त असतात. म्हणजे वार ती चढावर पोचवते. विहिरीचं पाणी चढावरच्या शेतात न्यायचं तर मोटार लागते आणि मोटारीला वीज. वारेच्या पेशींत अशा मोटारी असतात, त्यांची वीज म्हणजे प्राणवायू. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. तिला झालेल्या गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात बरेचदा त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं आणि मोटारी मंदावतात. विहिरीत पाणी असतं, शेत कोरडं राहतं.

ही नुसती उपमा नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस मिलानच्या डॉक्टरांनी पोटात वाढ खुंटलेल्या बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं. त्यात ल्युसिन, व्हॅलिनसारखी अमिनो आम्लं कमी निघाली. आयांच्या रक्तात मात्र त्यांचा तुटवडा नव्हता.

मग डबाभर प्रोटीन पावडर दिली तर? 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब गरोदर स्त्रियांना रोज 40 ग्रॅम जादा प्रथिनं असलेलं पेय देऊन पाहिलं. त्या गटात फार लवकर होणाऱ्या प्रसूती आणि अर्भकमृत्यू उलट जास्त आढळले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात प्रथिनांचा असा भडिमार करू नका असं सांगते. जिथे कुपोषण आहे तिथे तिचा सल्ला उष्मांक आणि प्रथिनं दोन्ही समतोल वाढवण्याचा आहे. उपाशी आईला जेवण हवंच, त्यात दुमत नाही. डबा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये.

आपल्या पुण्यातून आलेला एक धागा याहून वेगळा आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथे पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन होतं सुमारे 2.7 किलो. पुण्यातल्या अभ्यासात आईच्या रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल जास्त असेल तर बाळ लहान, असं नातं दिसलं. शरीर होमोसिस्टीनचं रूपांतर मेथिओनिनमध्ये करतं, त्यासाठी फोलिक अ‍ॅसिड आणि बी-12 दोन्ही लागतात. फोलिकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात. बी-12 मात्र दूध, अंडी, मांस-मासळीतूनच येतं आणि शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी पडतं. गरोदरपणाच्या आधीच त्याची तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

इकडे पेटीतल्या बाळाची नाळ कापल्या क्षणी अमिनो आम्लांचा पुरवठा थांबलेला असतो. इतक्या लहान जिवाला नुसतं ग्लुकोज दिलं तर ते स्वतःचेच स्नायू मोडून खातं. फार अपुऱ्या दिवसांची बाळं अशाने रोज शरीरातल्या प्रथिनांपैकी एक-दोन टक्के गमावतात. म्हणून हल्ली पहिल्याच दिवसापासून त्यांना सलाइनमधून अमिनो आम्लं देतात.

आणि त्याच वेळी बाकड्यावरची ती आई वाटीत दूध पिळून काढत असते. पहिल्या दिवशी निघतं चमचाभर. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रथिनं जास्त असतात. नर्स ते वाटीतून सिरिंजमध्ये ओढून घेते, एक थेंबही सांडू देत नाही.