कडेने जाणारा इलेक्ट्रॉन मागे का वळत नाही?

पुण्याच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोललात की मोबाइल हाताला गरम लागतो. चिपमधले इलेक्ट्रॉन वाटेत धडकतात, दिशा बदलतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हे टाळता येईल का?

1980 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी एक अतिशीत, पातळ थर प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला. त्यांच्या मोजमापांचा अर्थ पुढे असा लागला, की अशा थराच्या आतून वीज वाहत नाही. ती कडेने वाहते, तीही एकाच दिशेने. एकेरी रस्ताच म्हणा ना! अडथळा आला तरी इलेक्ट्रॉन त्याला वळसा घालून पुढेच जातो. क्लिट्झिंग यांना 1985 चे नोबेल मिळाले.

ही शिस्त येते टोपोलॉजीतून. बांगडी कितीही वाकवा, तिचे भोक एकच राहते. ते घालवायचे तर बांगडी तोडावी लागते. काही पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या रचनेलाही असाच एक न बदलणारा अंक असतो. बाहेर तो अंक वेगळा. त्यामुळे जिथे पदार्थ संपतो, त्या सीमेवर विजेला वाट मिळतेच. किरकोळ अशुद्धीने ती बंद होत नाही.

2007 मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे पारा आणि टेल्युरियमच्या संयुगात चुंबकाशिवाय अशी कड दिसली. तिथे दोन्ही दिशांची वाहतूक असते, पण जाणाऱ्यांचा स्पिन एका बाजूचा, येणाऱ्यांचा उलट. मागे वळायचे तर स्पिन उलटावा लागतो आणि साध्या, अचुंबकीय अशुद्धीला ते जमत नाही. जाड स्फटिकात कडेचे हे काम संपूर्ण पृष्ठभाग करतो.

पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन पाहायचे कसे? पदार्थावर योग्य प्रकाश टाकायचा आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व कोन मोजायचा. असा प्रकाश देणारी यंत्रे आपल्याच इंदूरमध्ये, राजेंद्रनगरजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत: इंडस-1 आणि इंडस-2. इंडस-2 च्या वर्तुळाकार मार्गाचा परीघ 172.5 मीटर आहे.

गार राहणारा मोबाइल मात्र अजून दूर आहे. वुर्झबर्गचा प्रयोग उणे 270 अंश सेल्सिअसच्याही खाली झाला होता आणि मागे न वळण्याची शिस्त अगदी थोड्या अंतरापुरती टिकली. नेहमीच्या तापमानाला चालेल असा पदार्थ शोधणे बाकी आहे. बारावीनंतर भौतिकशास्त्र घ्यावे की नाही, या विचारात असलेल्या मुलामुलींनो, हे काम तुमची वाट पाहते आहे.