धडधडत्या हृदयाचे स्थिर चित्र : अर्धशतकाचा मागोवा

हृदय मिनिटाला साठ-सत्तर वेळा आकुंचन पावते, शिवाय श्वासपटलाबरोबर छातीत सेंटीमीटरभर वर-खाली सरकते. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मात्र जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. म्हणून चित्र घ्यायला लागणारा वेळ हाच हृदयाच्या प्रतिमांमागचा मूळ प्रश्न राहिला.

1971 मध्ये लंडनला हौन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला, तेव्हा एका छेदाला काही मिनिटे लागत. मेंदू जागचा हलत नाही म्हणून ते जमले. हृदयासाठी त्याच सुमारास अणुवैद्यकाने वेगळी वाट काढली. ईसीजीवरील एका आर लाटेपासून दुसरीपर्यंतच्या काळाचे भाग पाडायचे आणि शेकडो ठोक्यांतील एकाच भागाचे गॅमा किरण एकत्र जमवायचे, हे ‘गेटिंग’. त्याने हालचालीचा उपद्रव तर टळलाच, शिवाय ती हालचालच माहिती बनली : डावा कप्पा दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो, ते मोजता येऊ लागले.

या तपासणीची रसद ठाणे जिल्ह्याला परकी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 मध्ये सुरू केले. 1989 मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेच्या ठाणे जिल्ह्यातील वाशी संकुलातून या तपासणीत लागणाऱ्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे जनरेटर आणि किट देशभर जातात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे 6 तास, पण जनरेटरमधील ज्या मॉलिब्डेनमपासून ते मिळते त्याचे 66 तास. त्यामुळेच डोंबिवली-कल्याणच्या रुग्णाने परळची लोकल धरण्याऐवजी तपासणीच त्याच्या गावाजवळ येणे शक्य होते.

गॅमा कॅमेरा रुग्णाभोवती फिरवणाऱ्या स्पेक्ट तपासणीत हात डोक्यावर घेऊन रुग्ण पंधरा-वीस मिनिटे पडून राहतो. ट्रेडमिलवरून नुकताच उतरलेला माणूस खोल श्वास घेत असतो. दम ओसरतो तसे श्वासपटल वर येते आणि त्याबरोबर हृदयही. परिणामी खालच्या भिंतीत रक्तपुरवठा नसलेला खोटा डाग दिसू शकतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ अंतिम चित्राआधी कच्च्या चौकटी सलग फिरवून पाहतो. हृदय उडी मारताना दिसले, तर संगणकावर चौकटी जुळवून घ्यायच्या, नाहीतर फेरी पुन्हा घ्यायची. ही दोन मिनिटांची तपासणी टाळणे अक्षम्य आहे. तिच्याअभावी रुग्ण विनाकारण अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो.

सीटीला वेग आला तो 1998 नंतर, चार-स्लाइस यंत्रांपासून. 2004 च्या 64-स्लाइस यंत्रांत फिरकी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात पूर्ण होऊ लागली. चित्राला अर्धी फिरकी पुरते, म्हणजे सुमारे 165 मिलिसेकंद. 2005 मधील दोन क्ष-किरण नळ्यांच्या यंत्राने हा काळ 83 वर आणला. तरीही उजवी धमनी सर्वांत चपळ, ती पुसट येऊ शकते. म्हणून बीटा ब्लॉकर देऊन ठोके साठच्या आसपास आणतात आणि हृदय शिथिल असतानाचा क्षण निवडतात. पुढे धमनीची दिशा व गती ओळखून चित्र सुधारणारी सॉफ्टवेअर आली.

एमआरआयमध्ये श्वासपटलाचा माग घेणारा नेव्हिगेटर 1989 मध्ये मांडला गेला. पेट-सीटीत अडचण निराळी. सीटी एका श्वासात होते, पेटला कित्येक मिनिटे लागतात. दोन्ही जुळले नाहीत, तर हृदयाच्या कडेला फुप्फुस समजून किरण किती शोषले गेले याचे गणित होते आणि निरोगी भिंत आजारी दिसते. 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासात 259 पैकी 103 रुग्णांत अशी चूक आढळली होती. भारतातील पहिले पेट केंद्र परळलाच 2002 मध्ये सुरू झाले.

अनियमित ठोक्यांपुढे गेटिंग आजही डगमगते, आणि रोखलेला श्वास मध्येच सुटला तर यंत्राचा वेग फारसा कामी येत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या केंद्रांनी सूचना मराठीतून द्याव्यात आणि टेबल आत सरकवण्याआधी श्वास रोखण्याचा सराव रुग्णाकडून एकदा तरी करून घ्यावा.