खिशातलं पातं

खंडेनवमी जवळ आली की नगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पोलादाशी संबंधित दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. घराघरांत कोयते, विळे, खुरपी, अडकित्ते धुऊन पाटावर मांडले जातात. त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. आणि सणाच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेशही निघतो. त्यातल्या यादीत तलवारी, भाले, बंदुका असतात, तसे सुरे आणि काठ्याही असतात. आदेशाची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. तिच्यावर पुढे बोललं जातं ते फक्त गुन्हेगारीच्या अंगानं. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनी तर गेल्या काही वर्षांत धारेच्या प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघायची सवय लावली आहे.

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये ज्या घडीच्या चाकूचं पेटंट घेतलं, तो लाल मुठीचा स्विस चाकू जगभर खिशात फिरला. त्याच घराण्याच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं, की पातं नसलेलं खिशातलं अवजार बनवण्यावर आपण काम करतो आहोत. अनेक देशांत चाकू जवळ बाळगण्यावरचे नियम कडक होत चालले आहेत, हे त्याचं कारण. मला ही बातमी दुःखाची वाटली. पातंच नसेल तर त्या वस्तूत उरलं काय?

पण आपला विषय नगरचा आहे. ‘रोजच्या वापराचा खिशातला चाकू’ म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे येतो तो मोबाइलवरच्या छायाचित्रातला नवा कोरा चाकू, शेजारी घड्याळ, पाकीट आणि टॉर्च. आपल्या जिल्ह्यात मात्र रोज चाकू खिशात घालून घराबाहेर पडणारा माणूस फार आधीपासून आहे. तो कलमं बांधतो.

राहात्याचा पेरू, संगमनेर-राहात्याकडचं डाळिंब, मोसंबीच्या बागा, काही पट्ट्यांत द्राक्ष. ही सगळी फळबाग एका लहानशा पात्याच्या भरवशावर उभी आहे. मोसंबीचा डोळा भरायचा तर जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, साल अलगद उचलायची आणि मातृवृक्षावरून काढलेला डोळा तिच्या आत सरकवून पट्टी बांधायची. डाळिंबाची गुटी बांधताना पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची, आतलं लाकूड दुखावू द्यायचं नाही, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळायचं. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळं दिसू लागतात. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर कलम करायचं तर काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप एकाच ओढीत द्यावा लागतो. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की कापाचा पृष्ठभाग खाली-वर होतो. साल आणि लाकूड यांच्या मधोमध जिवंत पेशींचा जो पातळ थर असतो, तो खुंटाच्या थराला नीट टेकत नाही. कलम मरतं.

म्हणून या चाकूची धार बहुतेक वेळा एकाच बाजूनं लावलेली असते. दुसरी बाजू सपाट, त्यामुळे काप सपाट येतो. डोळे भरायच्या चाकूला मुठीच्या टोकाशी किंवा पात्याच्या पाठीवर साल उचलण्यासाठी एक बोथट जीभ असते, हाडाची, पितळेची किंवा हल्ली प्लास्टिकची. हे पातं स्वयंपाकघरात चालत नाही, त्यानं कुणी दोरी कापत नाही, आणि मुख्य म्हणजे ते कुणी कुणाला उसनं देत नाही. ज्याचा चाकू त्याच्याच हातात. धार लावण्याचा कोन प्रत्येकाचा निराळा असतो आणि अंगठा पात्याच्या ज्या जागी टेकतो ती जागा झिजून त्याच अंगठ्याची झालेली असते. अनेक ठिकाणी मजुरी नगावर मिळते. जगलेल्या कलमांवरच पुढचं काम मिळतं. तेव्हा घर चालतं ते या तीन-चार इंचांवर.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं. साई सरबती हे कागदी लिंबू, मृदुला आणि फुले भगवा ही डाळिंबं राहुरीनं दिली. वाण संशोधकांचे, हे खरंच. पण एका झाडाची लाखो झाडं झाली ती कुणाच्या तरी खिशातल्या चाकूनं. त्या चाकूची, त्या हातांची नोंद आपण कुठे ठेवली आहे? वाणाच्या प्रसारपत्रिका सापडतात. ज्यांनी पहिल्या गुट्या बांधल्या त्यांची नावं सापडत नाहीत, आणि हे मला मनापासून खटकतं.

डाळिंबवाल्याचा जुना चाकू कधी हातात घेऊन पाहा. पोलाद साधं, न गंजणाऱ्यातलं नव्हे. पातं निळसर काळं पडलेलं असतं. अनेकांना तो गंज किंवा मळ वाटतो आणि ते घासून काढतात. तो मळ नाही. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे शाई करत, तीही याच रसायनानं काळी होई. म्हणजे त्या माणसानं आयुष्यभर कापलेल्या फांद्यांची नोंद त्या पात्यावर शाईनंच झालेली आहे. या काळ्या थरामुळे तांबड्या गंजापासून पात्याचं थोडंफार रक्षणही होतं. जुन्या चाकूंची किंमत ओळखायची तर हा रंग आणि झीज या दोनच गोष्टी मी पाहीन. वीस वर्षं दगडावर घासलेलं पातं मूळ रुंदीच्या निम्म्यावर येतं, मुठीजवळ थोडं रुंद उरतं, टोकाकडे सुईसारखं होतं. असं पातं कारखान्यात करता येत नाही.

डाळिंबावरच्या तेल्या रोगानं मात्र चाकूची एक जुनी सवय मोडली. जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर पात्यानं जातो, म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगितलं जातं. हे द्रावण साध्या पोलादाला खातं. त्यामुळे न गंजणारी पाती आली, छाटणीच्या कात्र्या आल्या, बदलून टाकायची ब्लेडं आली. झाडासाठी ते योग्यच आहे. पण ब्लेड बदलून टाकणाऱ्या पिढीच्या घरात मुलाला देण्यासारखं हत्यार राहणार नाही.

कोयत्याबद्दल इथे थोडंच सांगतो, कारण तो खिशात मावत नाही. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून आजपर्यंत या जिल्ह्याचं अर्थकारण कोयत्यावर चाललं आहे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते. पाथर्डी-शेवगावकडून दसऱ्यानंतर जे हजारो लोक ऊसतोडीला निघतात, त्यांच्या बिऱ्हाडात कोयता असतोच. तो घडवणारे घिसाडी जुन्या ट्रकचे कमानपाटे तापवून ठोकतात आणि पाणी देतात. पाणी किती द्यायचं हे तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ठरतं. जास्त दिलं तर पातं तडकतं, कमी दिलं तर धार वळते. पालावर, भात्याच्या वाऱ्यात, नवऱ्यासमोर घण मारणारी बाई आपण सगळ्यांनी रस्त्याकडेला पाहिली आहे. त्या घरातल्या कुणाचं नाव आपल्याला ठाऊक आहे?

धार आणि मायेची आठवण यांचं खरं घर आपल्याकडे चंचीत आहे. कप्प्याकप्प्यांची कापडी चंची, तिच्यात पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. धोतराच्या कनवटीला किंवा बंडीच्या खिशात ती रोज असे. म्हातारी माणसं पारावर बसली की अडकित्ता हातोहात फिरे. कलमाचा चाकू उसना मिळत नाही, अडकित्ता मात्र सगळ्यांचा. घरातला माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, अंथरूण देऊन टाकतात, अडकित्ता तेवढा कुणीतरी उचलून ठेवतं. पान खाणारं घरात कुणी उरलेलं नसलं तरी.

या ठेवण्यामागचं मोल ओळखणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे, पुण्यात चष्म्याचा व्यवसाय करणारे. राजेरजवाड्यांची हत्यारं गोळा करणारे पुष्कळ होते. केळकर दिवे, दौती, भांडी, दाराच्या चौकटी, वाद्यं आणि अडकित्ते गोळा करत गावोगाव फिरले. पत्नी कमलाबाई त्यांच्याबरोबर होत्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरच्या त्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघत उभं राहावं. घोड्याच्या, पोपटाच्या, स्त्री-पुरुषांच्या आकाराचे, पितळेचे, पोलादाचे. सुपारी कातरायला साधा दांडाही चालला असता. तरी कारागिरानं त्याला चोच दिली, कारण ती वस्तू रोज कुणाच्या तरी हातात राहणार होती. एका मुलाच्या नावानं हजारो अनोळखी घरांतल्या वस्तू सांभाळल्या गेल्या. संग्रह करणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापुढे नाही.

धारेला आपण नेहमीच माणसाजवळ ठेवलं आहे. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याच्या उशाखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवतात. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू. चाकू-कात्री हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, म्हणून खाली ठेवून मग उचलायची. या समजुती खऱ्या की खोट्या हा वाद मला इथे घालायचा नाही. जन्मापासून लग्नापर्यंत पातं सोबतीला आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग त्याची भीती कुठून आली? बरीचशी पडद्यावरून. हिंदी सिनेमानं खलनायकाच्या हातात रामपुरी दिला आणि खटका दाबून उघडणारं पातं म्हणजे गुंड हे समीकरण पक्कं झालं. रामपूरनं मात्र २०२३ मध्ये आपल्या चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारून त्या कारागिरीची आठवण जागी ठेवली. आणि भीती काही सगळीच खोटी नाही. २०१८ च्या मे महिन्यात शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादेत दंगल झाली, त्यानंतर ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पकडले. मागवलेलं प्रत्येक हत्यार संग्रहासाठी नसतं, हे तिथे दिसलं. पोलिसांच्या काळजीला आधार आहे.

म्हणूनच कायदा नेमका माहीत हवा. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कलमाचा चाकू, अडकित्ता, विळा या वर्गातच बसत नाहीत. कलम ३७ चा आदेश मात्र वेगळा. तो ठरावीक मुदतीपुरता असतो, आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते. त्या दिवसांत बागेतून थेट बाजारात जाणाऱ्यानं चाकू घरी ठेवून जावं. काकडीच्या शिर्डी विमानतळावरही तेच. हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, सामानात दिलेल्या बॅगेत टाकावा. आजोबांची वस्तू सुरक्षा तपासणीच्या टोपलीत सोडून येण्याची वेळ कुणावर येऊ नये. प्रशासनानंही आदेशात शेतीच्या हत्यारांबद्दल एक स्पष्ट वाक्य घालावं, अशी माझी मागणी आहे. हंगामात रोज चाकू घेऊन फिरणाऱ्या मजुराला नाक्यावर खुलासे द्यायला लागू नयेत.

दुसरी मागणी राहुरीच्या विद्यापीठाकडे आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे. जिल्ह्यातल्या कलम बांधणाऱ्यांचे चाकू, घिसाड्यांचे घण आणि भाते, चंच्या आणि अडकित्ते एकत्र करा. याच शहरात १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ विजापुरात आजही लोक बघायला जातात, आणि तिच्या कर्त्याचं, रूमी खानाचं, नाव सगळ्यांना सांगता येतं. मोसंबीच्या बागा उभ्या करणाऱ्यांचं एकही नाव सांगता येत नाही. नवे चाकू विकत घेऊन मांडणाऱ्या तरुणांशी माझं भांडण नाही. सव्वाशे वर्षांहून जुन्या परंपरेतला फ्रेंच ओपिनेल किंवा स्विस चाकू सुंदरच असतो. पण त्यांनी आपल्या आजोळी एकदा माळ्यावर चढून बघावं.

या खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. प्रत्येक पात्यापुढे लिहा : कुणाचं होतं, कुठल्या गावच्या लोहारानं किंवा घिसाड्यानं केलं, कुठल्या बागेत चाललं, मूठ किती वेळा बदलली. हे सांगणारं माणूस घरात असतानाच विचारा. काळं पडलेलं पातं काचकागदानं घासू नका, मऊ फडक्यानं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. चिंच-लिंबू लावून चकाकवू नका. बिजागरीत तेलाचा एकच थेंब पुरे. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. कोरड्या सुती कापडात गुंडाळा. आणि मुठीवर कुणी खिळ्यानं अक्षरं कोरली असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा, त्यांत रंग भरू नका.