काडतुसातील दारूची निवड

काडतुसातील दारूची निवड म्हणजे गोळीचे वजन, पुंगळीचे आकारमान आणि नळीची लांबी विचारात घेऊन योग्य गतीने जळणारी धूरविरहित दारू ठरविणे होय. गोळी जितकी जड, तितकी दारू मंद जळणारी असावी, हे या निवडीचे मुख्य सूत्र आहे. शिकारीच्या रायफलीपासून तोफेपर्यंत ते लागू पडते.

कारणमीमांसा

टोपीवर घोड्याचा आघात होताच दारू पेटते व तिच्यापासून निर्माण होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी पुढे सरकते तशी तिच्या मागील जागा वाढते आणि दाब मर्यादेत राहतो. जड गोळी सावकाश वेग घेते; त्यामुळे ही जागा लवकर वाढत नाही. अशा वेळी दारू शीघ्र जळणारी असल्यास दाब एकदम चढतो आणि पुंगळी फाटणे, खटका अडकणे किंवा रायफलच फुटणे असे अपघात संभवतात. मंद दारू वायू टप्प्याटप्प्याने सोडते. त्यामुळे कमाल दाब न वाढता गोळीला अधिक काळ रेटा मिळतो. याउलट हलक्या गोळीमागे फार मंद दारू वापरल्यास ती पूर्ण जळत नाही व गोळीचा वेग अनियमित होतो.

जड गोळी सहसा लांबही असते. ती पुंगळीत अधिक खोल बसल्यास दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब आणखी वाढतो. म्हणून हलक्या गोळीसाठी ठरलेले दारूचे प्रमाण जड गोळीला तसेच लावता येत नाही.

ज्वलनाची गती

ही गती कणांचा आकार, जाडी व त्यांवरील रासायनिक लेप यांवर अवलंबून असते. भरीव कण जळताना त्याचा पृष्ठभाग घटत जातो. एका छिद्राच्या नळीसारख्या कणाचा पृष्ठभाग जवळपास कायम राहतो, तर तोफांच्या दारूतील सात छिद्रांच्या कणाचा पृष्ठभाग जळताना वाढतो.

तापमानाचाही परिणाम होतो. उष्ण दारू अधिक जलद जळते. निफाडच्या जानेवारीतील पहाटे सुरक्षित ठरलेले काडतूस नाशिकच्या मे महिन्यातील उन्हात तापल्यास अधिक दाब निर्माण करते.

उदाहरणे

.३०३ रायफलीच्या जुन्या काडतुसात २१५ ग्रेनची (सुमारे १३.९ ग्रॅम) गोळी असे. १९१० साली स्वीकारलेल्या ‘मार्क ७’ काडतुसात १७४ ग्रेनची (सुमारे ११.३ ग्रॅम) टोकदार गोळी आली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ६२८ मीटरवरून ७४४ मीटरपर्यंत गेला व रायफलींच्या नेमपट्ट्या बदलाव्या लागल्या.

नाशिकजवळील देवळाली येथे भारतीय लष्कराचे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. १५५ मिलिमीटर तोफांमध्ये गोळा व दारू वेगवेगळे भरतात आणि पल्ल्यानुसार दारूचे प्रमाण ठरवितात. नेम धरताना गोळ्याचे वजन व दारूचे तापमान यांचा हिशेब केला जातो.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव येथील कारखान्यांत काडतुसे, तर भंडारा येथील आयुध निर्माणीत प्रणोदक दारू तयार होते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत मात्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने अपवाद करता येतो.

ज्या देशांत परवानाधारकांना काडतुसे स्वतः भरण्याची मुभा आहे, तेथे दारूचे उत्पादक प्रत्येक वजनाच्या गोळीसाठी स्वतंत्र तक्ते प्रसिद्ध करतात. हे तक्ते दाब मोजून तयार केलेले असल्याने अंदाजाने केलेला बदल धोकादायक समजला जातो.