स्विचबोर्ड म्हणजे काय?

देहूहून निघालेल्या तुकोबारायांच्या पालखीचा पहिला मुक्काम आकुर्डीला. इकडे टाळ-मृदंग, तिकडे कारखान्याचे भोंगे. या पट्ट्यात कीर्तनाला उभा राहिलो की समोरची निम्मी मंडळी पहिल्या पाळीहून सुटून आलेली असतात. चाकणच्या एका सप्ताहात एका पोरानं विचारलं, "महाराज, आमचा सगळा दिवस स्विचबोर्डापाशी जातो. त्यात देव कुठं आला?"

आधी शब्द पाहू. स्विच म्हणजे मुळात लवचिक काडी, छडी. पुढे आगगाडीच्या रुळाच्या सांध्याला ते नाव मिळालं, मग विजेच्या बटणाला. बोर्ड म्हणजे फळी. जुन्या घरांत लाकडी फळीवर काळी बटणं असायची, आठवतात ना? तोच स्विचबोर्ड. टेलिफोनलाही हाच शब्द लागला. मुंबईत 1882 साली टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं. तिथं माणूस बोर्डासमोर बसून एकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खोचायचा, तेव्हा कुठं दोघांचं बोलणं व्हायचं.

अर्थ दोन्हीकडे एकच. पुष्कळ वाटा जिथं एकत्र येतात आणि कोणती जोडायची, कोणती तोडायची हे जिथं ठरतं, ती जागा म्हणजे स्विचबोर्ड.

पण बोर्ड वीज तयार करत नाही हो! घाटाखाली खोपोलीला 1915 पासून पाण्यावर वीज होते. वीज अशी लांबून येते, बोर्ड नुसता जोडून देतो. बटण दाबणारा म्हणाला, "उजेड मी पाडला," तर आपण हसू. मग "संसार मी चालवला" म्हणणाऱ्याला काय म्हणावं? मन हा बोर्ड, इंद्रियं ही बटणं, सत्ता पांडुरंगाची. आपल्या हाती जोडणं आणि तोडणं, एवढंच.

आता तोडणं ऐका. यंत्र दुरुस्तीला घेतलं की आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, पाटी लावायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दोघं काम करत असतील तर कुलुपं दोन. माझ्या ओळखीचे एक टाळकरी होते. "दोन मिनिटांचं तर काम" म्हणून त्यांनी एकदा कुलूप घातलं नाही. पलीकडच्या माणसाला काय माहीत? त्यानं बटण दाबलं. तीन बोटं गेली. आता वारीत ते टाळ वाजवत नाहीत, पताका घेऊन पुढं चालतात.

वैराग्य म्हणजे घरदार टाकणं नव्हे, माउली. वैराग्य म्हणजे हे कुलूप. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण दाबणारे पुष्कळ. मित्र दाबतो, राग दाबतो, पगाराचा दिवस दाबतो. एकादशी धरली, तुळशीची माळ घातली, म्हणजे कुलूप लागलं. किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं, "बाळा, उद्या बोर्डापाशी उभा राहशील तेव्हा आधी कुलूप लाव, मग नाम घे. तुझी बोटं टाळासाठी लागणार आहेत." रामकृष्ण हरी!